पाइपवरचा ऑइलपेंट सालीसारखा सुटतो आहे? पोपडा उलटा करून बघा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या घरातला दोष यातला कुठला ते कळेल.

रंग दिल्यावर काही महिने पाइप सुरेख दिसतो. मग एक दिवस क्लॅम्पच्या कडेला किंवा एल्बोजवळ, म्हणजे पाइप वळतो तिथल्या जोडाजवळ, बारीक चीर पडते. नख घातलं की रंग सालीसारखा सुटत येतो, कधी वीतभर, कधी हातभर. खालचा पाइप चंदेरी, दुकानातून आणल्यासारखा. गंजाचा टिपूसही नसतो. घरातल्या पाण्याच्या जी.आय., म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी पाइपांवर सगळ्यात जास्त दिसतं ते हेच.

काही ठिकाणी रंगाला फुगे येतात. फुगा फोडला तर आत पाणी किंवा तांबूस पूड निघते. हे फुगे बहुतेक वेळा आटे पाडलेल्या जागी, म्हणजे कपलिंगच्या (सरळ जोड) आणि टीच्या (तीन तोंडांचा जोड) तोंडाशी असतात. काही ठिकाणी रंग जागचा हलत नाही, पण सांध्याखाली तपकिरी ओघळ येतो आणि पुसला तरी आठवड्याने परत दिसतो. काही पाइपांवर पांढरी, पिठासारखी पूड येते आणि त्या पुडीसकट रंग गळतो. आणि काही वेळा रंग वाळतच नाही. चार दिवस झाले तरी बोट चिकटतं.

गेली वीस-बावीस वर्षं मी डोंबिवली-ठाण्याच्या पट्ट्यात रंगकाम करतो. एका काकूंच्या स्वयंपाकघरातला मोरीवरचा पाइप तीन वर्षांत तीनदा रंगवला गेला. दर वेळी गणपतीच्या आधी, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा महागडा डबा. पहिल्या वर्षी तो रंग मीच दिला होता. तिसऱ्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं तेव्हा काकूंनी सुटलेली सालं कागदाच्या पुडीत जपून ठेवली होती. "बघ रे बाबा, गणपती ते होळी एवढंच टिकतं," म्हणाल्या. ती सालं उलटी करून पाहिली आणि माझी चूक मला समजली. तेव्हापासून कुठल्याही घरात गेलो की डबा उघडायच्या आधी मी पोपडा उलटा करतो.

पहिली तपासणी: पोपड्याची पाठ

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. सुटलेला तुकडा तळहातावर उलटा धरा आणि उजेडात बघा.

पाठ गुळगुळीत आणि स्वच्छ असेल, आणि पाइपही चंदेरी असेल, तर रंग जस्ताला धरलाच नव्हता. पाठीला तांबूस पूड असेल तर गंज आतून वर आला आहे. पांढरी पूड असेल तर तो जस्ताचा पांढरा गंज, नाहीतर रंगाच्या आधी पुसायचा राहिलेला चुना-सिमेंट. पाठीवर जुन्या रंगाची छटा दिसली, म्हणजे निळ्या रंगाच्या मागे हिरवा, तर वरचा थर खालच्या थरापासून सुटला आहे आणि पाइपाचा यात दोष नाही. बोटाला तेलकट लागलं तर पाइप पुसताना काहीतरी राहून गेलं.

ही तपासणी पहिली ठेवण्याचं कारण असं की या पाचही दोषांची औषधं वेगवेगळी आहेत, आणि लोक मात्र पाचहीवर एकच उपाय करतात: खरवडायचं आणि पुन्हा ऑइलपेंट मारायचा.

गुळगुळीत पाठीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. जी.आय. पाइप म्हणजे लोखंडी पाइपावर जस्ताचा लेप. ऑइलपेंटमध्ये तेलापासून बनवलेली राळ असते. जस्तावर थोडी दमट हवा पोचली की त्याचे क्षार तयार होतात, आणि क्षार आणि तेल एकत्र आले की साबण होतो. कपड्याचा साबणही तेल आणि कॉस्टिकपासून असाच बनतो. पाइपावर तो रंग आणि जस्त यांच्या मधोमध बनतो. केसापेक्षा पातळ थर असतो, डोळ्यांना दिसत नाही, पण रंगाची पकड तो पुरती सोडवतो. साबण हळूहळू बनतो, म्हणून रंग पहिल्या आठवड्यात कधीच सुटत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने सुटतो. तोवर रंगारी निघून गेलेला असतो आणि नावं ठेवली जातात ती डब्याच्या कंपनीला. मोठ्यातल्या मोठ्या कंपनीचा ऑइलपेंट थेट जस्तावर मारला तरी असाच सुटेल.

लाल रंगाचा रेडऑक्साइड प्रायमर खाली मारला तरी सुटका नाही, कारण नेहमीचा रेडऑक्साइडही तेलाच्याच राळेचा असतो. तो काळ्या, म्हणजे जस्त न चढवलेल्या, लोखंडासाठी बनवलेला आहे. हार्डवेअरच्या दुकानात "पाइपाला प्रायमर द्या" म्हटलं की नव्वद टक्के वेळा तोच हातात पडतो. माझ्या पाहण्यातले अर्ध्याहून जास्त बिघाड इथूनच सुरू झालेले आहेत.

दुसरी: पाइप कशाचा आणि कुणाचा

घरातलं लोहचुंबक घ्या, फ्रिजवरचं चालेल. चिकटलं नाही तर पाइप तांब्याचा, स्टीलचा, अॅल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा आहे आणि हा लेख त्याच्यासाठी नाही. चिकटलं तर लोखंडी, मग तो जस्ताचा असेल, काळा असेल किंवा जुन्या इमारतीतला बिडाचा असेल. बिडाचा पाइप जाड असतो, त्यावर वाजवलं तर आवाज बद्द येतो, आणि तो बहुधा सांडपाण्याचा असतो.

नव्या पाइपावर रंगीत पट्टा दिसतो. आयएस १२३९ या मानकाप्रमाणे पिवळा पट्टा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जड. हा पट्टा पाइपाच्या जाडीची खूण आहे, आत काय वाहतं याची नाही. तरी पिवळा पट्टा पाहून लोक "गॅसचा असेल" म्हणून घाबरतात, आणि खरा गॅसचा पाइप मात्र बिनधास्त घासायला घेतात.

स्वयंपाकघरात पाइपगॅसची जोडणी असेल तर त्या पाइपाला हात लावू नका. तो गॅस कंपनीचा आहे. त्यावर पिवळा रंग असतो तो ओळखीसाठी. टाइल्सना शोभावा म्हणून तो पांढरा केलात तर उद्या भिंतीला भोक पाडायला आलेल्या माणसाला तो पाण्याचा वाटेल. त्यावर गंज दिसला किंवा रंग उडाला तर कंपनीच्या क्रमांकावर फोन करा. वास आला तर खिडक्या उघडा, झडप बंद करा, विजेचं कुठलंही बटण दाबू नका आणि बाहेर जाऊन फोन करा. जिन्यातला आग विझवण्याचा लाल पाइपही सोसायटीच्या परवानगीशिवाय रंगवायचा नसतो. छतात स्प्रिंकलर असतील तर त्यांच्या तोंडावर रंगाचा शिंतोडाही पडता कामा नये, नाहीतर आगीच्या वेळी ते उघडणार नाहीत.

आणखी एक. पाइपाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिथेच थांबा. जुन्या घरांत विजेचं अर्थिंग पाण्याच्या पाइपाला जोडलेलं सापडतं, आणि बिघडलेल्या गीझरमधूनही पाइपात वीज उतरते. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. रंगाचं नंतर बघता येईल.

तिसरी: पाझर की घाम

पाइप कोरड्या फडक्याने पुसा. प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून रबर लावा. सांध्यांच्या मधल्या सरळ भागावरही एक पट्टी लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी फक्त सांध्याचीच पट्टी ओली असेल तर तो पाझर. सगळ्याच पट्ट्या दमट असतील तर पाइपाला घाम सुटतो आहे.

पाझरणाऱ्या सांध्यावर रंग देणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. पाणी आट्यांतून येतच राहतं आणि रंगाला मागून ढकलतं. आटे पाडताना तिथलं जस्त कापलं जातं, म्हणून गंजही आधी तिथेच धरतो. आधी प्लंबरकडून सांधा उघडून सुतळी-सफेदा किंवा टेफ्लॉन टेप नव्याने भरून घ्या. फार जुना सांधा स्वतः पान्याने आवळू नका. गंजलेला निपल (आटे पाडलेला पाइपाचा छोटा तुकडा) भिंतीच्या आत तुटला की टाइल्स फोडाव्या लागतात, आणि तोवर घरात पाणी नाही. अशा दोन घरांत मला रात्री आठ वाजता प्लंबर शोधायला धावावं लागलं आहे.

घामाचं गणित वेगळं. टाकीतलं पाणी रात्री गार होतं, पावसाळी हवेत बाष्प भरपूर असतं आणि गार पाइपावर ते पाण्याच्या रूपात बसतं. धातूवर रंग देताना पाळायचा नियम असा की हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि पाइपाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी होऊन बसतं त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी जास्त हवं. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हे फार थोड्या दिवशी जमतं. आणि आपण तर घर रंगवायला काढतो ते नेमकं गणपतीच्या आधी! भिंती एक वेळ निभावून नेतात, पाइप निभावत नाही. बोटाला ओल जाणवली नाही तरी पाण्याचा बारीक थर तिथे असतो आणि रंग त्याच्यावर बसतो.

आर्द्रतामापक नसला तरी चालेल. स्वयंपाकघरातलं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर पाझरायला लागतं. डब्यातलं मीठ ओलं दिसत असेल त्या दिवशी मी पाइपाचा डबा उघडत नाही. गणपतीला पाहुणे येणार म्हणून घाई असेल तर भिंती रंगवून घ्या आणि पाइप दसऱ्यानंतर करा. ऑक्टोबर ते फेब्रुवारीतलं काम टिकतं.

चौथी: पाण्याचा थेंब

रंग सुटून उघड्या पडलेल्या जागी, किंवा नव्या पाइपावर, पाण्याचे दोन-चार थेंब सोडा. पाणी पसरून एकसारखा पडदा झाला तर जागा स्वच्छ. मोत्यासारखे गोळे झाले तर तिथे तेल आहे.

नवा पाइप दुकानातून येतो तेव्हा त्यावर साठवणीत पांढरा गंज येऊ नये म्हणून तेलाचा किंवा वार्निशचा हात असतो. स्वयंपाकघरातल्या पाइपावर फोडणीच्या वाफांचा चिकट थर असतो, तो वेगळाच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रॉकेल. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाइप रॉकेलने पुसतात, कारण त्याने काजळी लगेच निघते. पण रॉकेल पूर्ण उडत नाही, मागे तेलकट थर ठेवतं. "रंग वाळतच नाही" अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, पाइप पुसला कशाने? उत्तर बहुधा रॉकेलच असतं. भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी, मग साधं पाणी दोनदा, मग कोरडं फडकं, आणि शेवटी थिनरमध्ये भिजवलेली स्वच्छ चिंधी. चिंधी दर दोन-तीन फुटांना बदला. नाहीतर एका टोकाचं तेल दुसऱ्या टोकाला जातं.

पाचवी: जुना रंग खरोखर किती धरून आहे

काही भाग सुटला म्हणजे सगळा काढायचा का? हे ब्लेड आणि टेप सांगतात. जिथे रंग घट्ट वाटतो तिथे ब्लेडने साधारण २ मिलिमीटर अंतराने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, धातूपर्यंत पोचतील अशा. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. एखाद-दुसऱ्या चौकोनाची कड उडाली तर तो भाग ठेवता येईल. चौकोनच्या चौकोन टेपला चिकटून आले तर तो रंग आज ना उद्या जाणार. अशी तपासणी प्रत्येक पाइपावर निदान तीन ठिकाणी करा: वर, खाली आणि क्लॅम्पजवळ. जस्तावर थेट मारलेला ऑइलपेंट असेल तर माझा सल्ला सरळ आहे, सगळा काढा. आज घट्ट असलेल्या भागाखालीही साबण बनतोच आहे.

पोपड्याच्या मागे जुना रंग दिसला असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस त्या जुन्या रंगावर अर्धा मिनिट घासा. रंग मऊ होऊन कापसाला लागला तर तो पाण्याचा रंग, नाही लागला तर ऑइलपेंट. चकचकीत जुन्या ऑइलपेंटवर बारीक पॉलिश पेपर न फिरवता नवा हात मारला की तो सुटतोच. तिथे एवढं घासून चमक घालवली की काम झालं.

इथे एक थांबा आहे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात, विशेषतः जुन्या चाळींतल्या पिवळ्या, लाल आणि हिरव्या ऑइलपेंटमध्ये, शिसं असू शकतं. ते कोरडं घासायचं नाही. पाणी लावून घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा, चिखल फडक्याने टिपून पिशवीत बांधा, आणि लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. असे अनेक थर असलेला लांबलचक पाइप असेल तर स्वतः करू नका. आणि जुन्या इमारतीत राखाडी, खरखरीत, चुंबक न चिकटणारा सिमेंटचा पाइप असेल तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो. त्याला पॉलिश पेपर लावायचाच नाही.

सहावी: जस्त शिल्लक आहे का

पाइप करडा पडला असेल आणि जस्त आहे की गेलं ते कळत नसेल तर मोरचूद (कॉपर सल्फेट) उपयोगी पडतं. नाशिककडे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाला वापरतात तेच. प्लॅस्टिकच्या झाकणात चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवा. पाइपाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला घासून स्वच्छ केलेल्या जागी एक थेंब लावा. जागा काळी पडली तर जस्त आहे. तांबूस, तांब्याच्या भांड्यासारखा लेप आला तर जस्त गेलं आणि लोखंड उघडं पडलं. लगेच पुसून पाण्याने धुवा. मोरचूद विषारी आहे, ते स्वयंपाकाच्या भांड्यात करू नका आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

एवढी खटपट अशासाठी की जस्ताला एक प्रायमर लागतो आणि उघड्या लोखंडाला दुसरा, आणि एकाच पाइपावर दोन्ही असू शकतात. न्हाणीघरात जमिनीलगतच्या फूटभर भागाचं जस्त जवळजवळ नेहमी गेलेलं असतं. कारण फरशी धुवायचं अॅसिड. त्याचे शिंतोडे वर्षानुवर्षं उडतात. भिंतीतून पाइप जिथे बाहेर येतो तिथेही हेच होतं, विशेषतः तोंडाशी पीओपी भरलेलं असेल तर. ओलं पीओपी लोखंड आणि जस्त दोन्ही खातं. तिथे सिमेंट भरून घ्यायला हवं.

सातवी: पाइप आतून गेला आहे का

सकाळी पहिला नळ सोडल्यावर गढूळ तांबूस पाणी येतं का? धार वर्षागणिक बारीक झाली आहे का? स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पाइपावर हळूच वाजवत जा. चांगला भाग खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो आणि त्यावरून गंजाच्या पापड्या पडतात. अशी जागा टोकाने उकरू नका. मी एकदा एका तिसऱ्या मजल्यावर गंजाची पापडी उचकटली आणि पाइपाला आरपार भोक होतं. गंजानेच ते बुजवून ठेवलं होतं. गच्चीवरची झडप बंद करेपर्यंत स्वयंपाकघरभर पाणी झालं.

ही लक्षणं असतील तर रंगाचा विचार सोडा आणि प्लंबरला बोलवा. पाइप बदलायचा आहे. आतून कुजणाऱ्या पाइपाला बाहेरचा रंग एक दिवसही जास्त देत नाही. पाइप डक्टमधून जाणारा सामाईक असेल तर सोसायटीला लेखी कळवा. डक्टमध्ये शिडी लावून स्वतः उतरू नका.

आता दुरुस्ती

वरच्या सगळ्यातून पाइप शाबूत निघाला आणि दोष फक्त पकडीचा असेल, तर काम एका रविवारचं आणि नंतरच्या दोन संध्याकाळांचं आहे.

सामान आणण्याआधी हिशोब करा. अर्धा इंची पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर असतो, म्हणजे पन्नास फूट पाइप रंगवायला मिळून जेमतेम १ चौरस मीटर जागा होते. ऑइलपेंटचा एक लिटर एका हातात दहा चौरस मीटर सहज जातो. तेव्हा घरच्या पाइपांना सगळ्यात छोटा डबाही उरतो. वाचलेले पैसे चांगल्या प्रायमरला लावा.

सुटलेला रंग स्क्रॅपरने काढा, आडवा धरून, ओरखडे न पाडता. जस्ताचा थर कागदाच्या पानापेक्षा पातळ असतो, तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने तो क्षणात जातो. म्हणून २२० किंवा ३२० नंबरचा पॉलिश पेपर, हलक्या हाताने, चमक मरेपर्यंतच. पेंट रिमूव्हर वापरायचाच असेल तर खिडकी उघडी ठेवून, आणि बंद न्हाणीघरात अजिबात नाही. कॉस्टिक सोडा किंवा बाथरूमचं अॅसिड लावून रंग काढण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, दोन्ही जस्त खातात. ज्योतीने रंग जाळू नका. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो, आणि भिंतीमागे वायर कुठून गेली आहे ते आपल्याला माहीत नसतं.

पांढरा गंज कडक नायलॉनच्या ब्रशने आणि पाण्याने काढा. मग वर सांगितलेली धुलाई आणि थेंबाची तपासणी पुन्हा. ज्या दिवशी प्रायमर द्यायचा त्या दिवशी सकाळीच त्या लाइनची झडप बंद करा आणि दोन तास जाऊ द्या, म्हणजे पाइप खोलीच्या तापमानाला येईल आणि घाम सुटणार नाही.

जस्तावर प्रायमर कुठला? कारखान्यांत आणि मोठ्या कामांत एच (etch) प्रायमर किंवा वॉश प्रायमर वापरतात. तो दोन डब्यांचा असतो, एकात फॉस्फोरिक आम्ल असतं आणि ते जस्ताला किंचित खरवडून पकड देतं. काम उत्तम, पण वास उग्र, मिसळल्यावर काही तासांत संपवावा लागतो आणि थर अगदी पातळ द्यावा लागतो. जाड झाला तर तोच सुटतो. राहत्या घरात मी पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक मेटल प्रायमर पसंत करतो. मात्र डब्यावर "जी.आय. पृष्ठभागासाठी" असं स्पष्ट छापलेलं हवं. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर घेऊ नका, डबा फिरवून वाचा. त्यात तेलाची राळ नसते, म्हणून साबण बनत नाही.

आट्यांजवळ किंवा फरशीलगत जिथे लोखंड उघडं आहे तिथे आधी दोन डब्यांच्या इपॉक्सी प्रायमरचा ठिपका द्या. पाण्याचा प्रायमर उघड्या लोखंडावर मारला तर तासाभरात तांबूस डाग फुटतात. रेडऑक्साइड तिथे लोखंडाला धरेल, पण कडेच्या जस्तावर गेला की तिथून सुटेल. इपॉक्सी दोघांनाही धरतो. मिसळताना हातमोजे घाला, तो त्वचेला चावतो.

प्रायमर डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका वाळू द्या, मग ऑइलपेंटचे दोन पातळ हात. एक जाड हात देऊन दोनाचं काम होत नाही. वरून कातडी धरते आणि आत मऊ राहतो. पाइपाच्या भिंतीकडच्या बाजूसाठी वाकड्या दांड्याचा छोटा ब्रश घ्या आणि आरसा धरून बघा. पोपडा बरेचदा त्याच मागच्या, न रंगवलेल्या कडेपासूनही सुरू होतो. क्लॅम्प सैल करून त्याच्याखालीही रंग जाऊ द्या.

काय रंगवायचं नाही तेही सांगतो. झडपेचा दांडा, युनियनचे (उघडता येणाऱ्या जोडाचे) आटे, पाण्याच्या मीटरचा आकडा, आणि गीझरची सेफ्टी व्हॉल्व्ह. ती रंगाने जाम झाली तर गीझरमधला दाब बाहेर पडणार नाही, आणि टाकी फुटू शकते. तिच्यावर आधीच कुणी रंग मारला असेल तर खरवडू नका, गीझरचा माणूस बोलवून नवी बसवून घ्या.

पाइपाचे शेल्फ किंवा पडद्याच्या दांड्या काळ्या पाइपाच्या केल्या असतील तर काम सोपं आहे. तिथे जस्त नाही. काळी पापडी आणि तेल काढा आणि त्याच दिवशी रेडऑक्साइड द्या, कारण घासलेलं लोखंड आपल्या हवेत रात्रभरात तांबूस होतं.

दुसरा हात दिल्यावर पाणी दुसऱ्या दिवशी सुरू करा, आणि आठवडाभर पाइपावर ओलं फडकं वाळत घालू नका. रंग वरून वाळला तरी आतून घट्ट व्हायला तेवढे दिवस लागतात. पंधरा दिवसांनी मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पुन्हा ब्लेडच्या रेघा आणि टेप. चौकोन जागेवर राहिले तर तेवढ्या जागेला ब्रशने एक ठिपका देऊन बंद करा, आणि भिंतीकडच्या बाजूला मार्करने तारीख आणि प्रायमरचं नाव लिहून ठेवा. पुढचा रंगारी मी नसेन कदाचित, पण खाली काय आहे हे त्याला पाइप न खरवडता कळेल.